कार्डदाते

लग्नाची पंगत बसली की कार्डदाते घाईत असतात. एकदा वरणभात कालवला की उजवा हात उष्टा, आणि डाव्या हातानं कार्ड देणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही. म्हणून मीठ-लिंबू वाढून होईपर्यंत दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना वाटप उरकलेलं असतं. अंत्यविधीला मात्र ते कार्ड देत नाहीत. एवढा पोच त्यांना आहे. तेराव्याला देतात.

पुण्यात हे गृहस्थ पेठेगणिक भेटतात. व्यवसाय विमा, मेडिक्लेम, ऑनलाइन भाडेकरार, पॅनकार्ड दुरुस्ती आणि हंगामात देवगड हापूस. एवढा संसार, शिवाय नावापुढे बी.कॉम., जी.डी.सी. अँड ए. आणि पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे', हे सगळं साडेतीन बाय दोन इंचांत बसवताना डीटीपीवाला घामाघूम होतो. कार्डाचा कागद ३०० जीएसएमचा, त्यावर मॅट लॅमिनेशन आणि नावापुरतं स्पॉट यूव्ही, म्हणजे बाकी सगळं मंद आणि नाव तेवढं चकचकीत. कार्ड दिल्यावर ते म्हणतात, "बोट फिरवून बघा." आपण फिरवतो. ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात.

या वाटपामागे अर्थशास्त्र आहे. ऑफसेटवर शंभर छापा नाहीतर हजार, प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च तोच. म्हणून प्रेसवाला हजाराखाली बोलतच नाही. आता एका मध्यमवयीन माणसाच्या ओळखीत हजार कार्डं मावणार कशी? मग ओळखी वाढवाव्या लागतात, त्याही भराभर, कारण कार्ड नासतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि पंधरा आकडी नंबर नसलेल्या कार्डांचा डबा त्यांच्या दृष्टीनं एका रात्रीत शिळा झाला. तो संपवण्यासाठी त्या मोसमात ते न बोलावलेल्या मुंजींनाही गेले, असं लोक म्हणतात.

अशा माणसाला भाच्यानं एनएफसी कार्ड आणून दिलं. "मामा, आता एकच कार्ड, जन्मभर पुरेल. फोनला नुसतं टेकवायचं." एकच कार्ड, आणि तेही परत खिशात ठेवायचं! मामांना हा व्यवहार मुळातच कद्रूपणाचा वाटला. तरी त्यांनी प्रयत्न केला. एनएफसीचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर, त्यातून कुणाच्या फोनला ते वरच्या कडेशी, कुणाच्या पाठीवर मध्यभागी, आणि स्वस्तातल्या कित्येक फोनांना नसतंच. त्यामुळे ते समोरच्याच्या फोनवरून दृष्ट काढल्यासारखं कार्ड ओवाळत राहायचे, आणि समोरचा आपला फोन हळूच मागे ओढायचा.

मग क्यूआर. तो १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी निघाला, पण २०१६ ला यूपीआय आल्यापासून आपल्याकडे त्या चौकोनाचा अर्थ एकच: पैसे. ज्येष्ठांनी यूपीआयच्या अ‍ॅपमधूनच तो स्कॅन केला आणि "किती टाकायचे?" असं विचारलं. तरुणांनी तर कॅमेराही उघडला नाही. अनोळखी लिंकला हात लावू नका, हे त्यांना रोज कुणी ना कुणी बजावत असतं. "त्यापेक्षा मिस्ड कॉल द्या ना काका," एकजण म्हणाला. काकांनी दिला. त्यानं नंबर सेव्ह केला तो 'विमा – उचलू नये' या नावानं. हे काकांना दिसलं, कारण ते चष्मा लावूनच उभे होते.

पण खरा घाव घातला डॅशबोर्डानं. डिजिटल कार्ड किती वेळा उघडलं गेलं, हे अ‍ॅप दाखवतं. वर्षाची वर्गणी भरलेल्या त्या कार्डाखाली आकडा होता ११. त्यातले नऊ त्यांचे स्वतःचे, लोकांना उघडून दाखवतानाचे. राहिलेल्या दोनांत एक भाचा.

माझं मत विचाराल तर कागदी कार्डाची थोरवी इथे आहे. हजार कार्डं गेली कुठे, ती कधी सांगत नाहीत. कुणी त्यानं डुगडुगणारं टेबल टेकवलं, कुणी दिवाळी अंकात खूण ठेवली, कुणी दातात अडकलेली सुपारी काढली. देणाऱ्याच्या हिशेबी ती हजारही कार्डं हजार पाकिटांत जपून ठेवलेली असतात. डॅशबोर्डाला एवढी माणुसकी नाही.

तेव्हा कार्डदाते पुन्हा अप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रेसवर गेले. भाच्याचं मन राखायला म्हणाले, "मागच्या कोऱ्या बाजूला क्यूआर टाका."

"टाकू नका," प्रेसवाला म्हणाला.

"का? स्कॅन होत नाही?"

"होतो हो. पण मागे छापलं तर कार्ड ठेवेल कोण?"

कार्डदात्यांना हे काही पटलं नाही. दोन हजारांची ऑर्डर देऊन झाल्यावर प्रेसवाल्यानं प्रूफ पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर विचारला. त्यांनी सवयीनं खिशात हात घालून जुनं कार्ड पुढे केलं. प्रेसवाल्यानं ते उलटं करून टेबलावर ठेवलं, कानावरचं पेन काढलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हां, तुमच्या पत्रिका किती म्हणालात? तीनशे ना?"