सर्व्हेवाले भाऊ

कळंबच्या बाजारात भाऊंचं कृषी केंद्र आहे. सोमवार ते शनिवार ते बोंडअळीवर जालीम औषध देतात. रविवारी पहाटे लष्करी ठिपक्यांचा शर्ट चढवून चक्रावतीच्या काठाने निघतात आणि "आजकाल किडेच राहिले नाहीत, वेडे राघू खातील काय?" म्हणून हळहळतात. दोन्ही दिवशी ते मनापासूनच बोलत असतात, हे मुद्दाम सांगायला हवं.

गळ्यात सहाशे मिलिमीटरची लेन्स. तिची किंमत घरी एक शून्य पुसून सांगितलेली. दुसऱ्या कुण्या पक्षीवेड्याच्या बायकोशी वहिनींनी आकडा ताडून पाहू नये, म्हणून भाऊ शक्यतो एकटेच फिरतात.

पक्ष्यांचा त्यांना फारसा त्रास नाही. कापशी तारेवर बसते, टिटवी बोंबलते, खंड्या डोहाकडे टक लावून असतो. त्रास माणसांचा, आणि त्याचं मूळ ट्रायपॉडमध्ये. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेसाठी या भागात इतकी वर्षं मोजणी झाली, की तीन पायांवर काहीही उभं केलं तरी लोकांना जमीन जाताना दिसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, पण धसका आहे तिथेच आहे. धसका म्हणा, आशा म्हणा. मोबदल्यापुढे दोन्ही सारखेच.

"साहेब, आमचं वावर जाते काय?"

"नाही हो काका, पाखराचा फोटो काढतो."

"पाखराचा? अन् त्याचे पैसे भेटते काय?"

"नाही."

"मंग सांगाचं नसन तर नका सांगू, पन वीर अन् आंब्याची दोन झाडं धरजा मोजनीत."

एवढ्यात चातक केव्हाच उडालेला असतो.

गावात वेगळाच ताप. कॅमेरा आहे म्हटल्यावर मेव्हण्याने साक्षगंधाचे फोटो सोपवले. त्या लेन्समधून सबंध जोडपं मावायला भाऊंना कार्यालयाबाहेर, रस्त्यापलीकडच्या पानठेल्याशी उभं राहावं लागलं. अल्बममध्ये नवरदेवाची एक भुवई आणि मंडपाच्या बांबूवरचा कोतवाल अप्रतिम आले आहेत.

५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. दोन्हींच्या मधला पक्षी सप्ताह भाऊंचा सणच. शाळेत त्यांनी पडद्यावर नीलपंख दाखवला, शटरचा वेग सांगितला, चार तास कसे उकिडवे बसलो ते सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हा त आमच्या मोटरच्या तारेवर रोज बसते. बसाले खाट देतो, या."

भाऊ दुसऱ्याच सकाळी खाटेवर हजर. पोराच्या बापाने चहा पाजला, मग मुद्द्यावर आला. रात्री रोह्यांनी अर्धा हरभरा लोळवला होता. वनखात्याकडे अर्ज करायचा, तर फोटो पाहिजेत. भाऊंनी मोठ्या आपुलकीने पंधरा-वीस काढून, छापूनही दिले. अर्जासोबत ते जोडले गेले. हरभरा सगळ्यांत धूसर आहे आणि मागच्या तारेवर नीलपंख पिसापिसासकट लख्ख. पंचनाम्याला आलेल्या गार्डने फोटो दोनदा उलटसुलट करून विचारलं, "म्हंजे, नुकसान ह्या पाखरानं केलं काय जी?"