चषकदादा

उरण तालुक्यात भातकापणी उरकली की मोकळ्या शेतांत दोन पिकं येतात. एक वाल आणि दुसरं चषक. वालाला जमिनीतली ओल पुरते. चषकाला पावतीपुस्तक, मंडप, माईक आणि चषकदादा लागतो.

चषकदादा गावागणिक वेगळा असला तरी लांबून ओळखू येतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात ठसठशीत अंगठी, बंदराकडच्या एखाद्या गोदामाला टेम्पो नाहीतर माणसं पुरवण्याचं काम. तो स्वतः क्रिकेट कसा खेळायचा याबद्दल गावात दोन मतं आहेत. एक त्याचं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं. पण माईक हातात आला की त्याच्यासारखा तोच. गोलंदाज धावत सुटलेला असताना ‘थांब रं, मान्यवर आलं’ म्हणून त्याला अर्ध्यावर उभा करायची ताकद दुसऱ्या कुणात नाही. त्याच्या मते स्पर्धा म्हणजे सत्कारांची रांग. दोन सत्कारांमध्ये वेळ उरला तर त्यात सामना बसवायचा. आणि स्पर्धेचा मोठेपणा ठरतो तो बॅनरवर किती चेहरे आहेत त्यावर. वीसच्या खाली असेल तर ती त्याच्या लेखी पोरांची मस्ती.

आमच्या गावच्या दादाच्या कानावर २०२२ मध्ये आलं की सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉलचा वर्ल्ड कप भारतात भरतोय. ११ ते ३० ऑक्टोबर, सामने भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत, आणि फायनल नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “स्टेडियमच्या बाजूला काय हाय? उरण फाटा. मंग वर्ल्ड कप कुनाचा?”

उरण फाट्यापासून खुद्द उरण वीस-पंचवीस किलोमीटर लांब आहे. मध्ये गव्हाण फाटा, करळ आणि कंटेनरच्या रांगा लागतात. पण नाव आपलं तर माल आपला, असं दादाचं सरळ गणित. त्याच दिवशी त्याने आणखी एक मागणी काढली: तिकिटांपैकी साडेबारा टक्के प्रकल्पग्रस्तांना राखून ठेवावीत. सिडकोच्या नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत, या हक्कामागे १९८४ चं जासईचं आंदोलन आणि पाच हुतात्मे आहेत, त्यामुळे आमच्याकडे त्या आकड्यावर कुणी हसत नाही. दादाने अर्ज फिफाच्या नावाने लिहिला आणि सिडकोच्या आवक-जावक टेबलावर दिला, त्यावर मात्र हसलो.

तसं पाहिलं तर या स्पर्धेवर त्याचा जीव जडला होता तो ऑगस्टमध्येच. सुप्रीम कोर्टाने नेमलेली प्रशासकांची समिती एकीकडे, महासंघाची जुनी मंडळी दुसरीकडे. त्यात फिफाने ‘बाहेरच्यांचा हस्तक्षेप’ म्हणून भारतीय महासंघावर थेट बंदी घातली. वर्ल्ड कपच हातचा जायची वेळ आली होती. पेपरवाले समजावून समजावून थकले, पण दादाला काही समजवावं लागलं नाही. एक गाव, दोन कमिट्या, दोन शिक्के आणि एकच पावतीपुस्तक: आमच्या मंडळाचा इतिहास त्याला तोंडपाठ होता. “पावतीपुस्तक कोनाकडं हाय तेवढा बघा,” तो म्हणाला, “बंदी आपोआप उठल.” २६ ऑगस्टला उठलीच. पुढे २ सप्टेंबरला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला भायचुंग भुतिया, देशाचा एके काळचा कर्णधार, नावाजलेला गोलंदाज नव्हे, गोल करणारा. दुसऱ्या बाजूला एके काळचे गोलकीपर कल्याण चौबे. चौबे ३३, भुतिया १. दादाने हा निकाल मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवला आणि तरुण पोरांकडे बघत म्हणाला, “समजला? गोल मारनारा येगला, निवडून येनारा येगला.” फुटबॉलमधलं त्याला पूर्ण पटलेलं एवढं एकच.

बाकीचं शिकवायला पुतणी होती. तेव्हा ती नववीत. शाळेच्या मैदानावर मुलांनी घेतलं नाही तर एकटी भिंतीशी पासिंग करायची. ११ ऑक्टोबरला भारत-अमेरिका सामना दादाने देवळाच्या कट्ट्यावर मोबाइल टेकवून सगळ्यांना दाखवला.

“टॉस कोन जिंकला?”

“काका, फुटबॉलमध्ये टॉसचं एवढं काही नसतं.”

“म्हंजे आपन हरलो टॉस.”

मध्यंतराला ०-५ होतं. शेवटी ०-८. मग मोरोक्कोने तीन घातले, ब्राझीलने पाच. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, मारला एकही नाही. कट्टा रिकामा झाला, पण दादा हटला नाही. यजमान म्हणून का होईना, या वर्ल्ड कपमध्ये आपल्या मुली पहिल्यांदाच उतरल्या होत्या, हे पुतणीने सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि विचारलं, “आपल्याकरची कोन हाय त्यांच्यान?”

“पुण्याची काजोल डिसोझा.”

“पुन्याची? मंग आपलीच. पुन्याला पनवेलवरूनच जातान.”

कर्णधार अस्तम ओराँव झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या मानासाठी गावात रस्ता मंजूर झाला आणि त्याच रस्त्यावर तिचे आई-वडील मजुरीने काम करत होते, अशी बातमी त्या दिवसांत सगळीकडे आली होती. मला ती वाचून दिवसभर काही सुचलं नाही. पुतणीने दादाला वाचून दाखवली. दादाही बराच वेळ अंगठी फिरवत बसला. मला वाटलं, माणूस हलला. मग त्याने विचारलं, “उद्घाटनाला कोन होता?”

फायनल ३० ऑक्टोबरला, दिवाळीनंतरच्या रविवारी. दादाने टेम्पो काढला. त्यात शाळेतल्या मुली, त्यांच्या दोन आया, चिवड्याचे डबे आणि घडी घातलेला एक बॅनर: ‘जगभरातून आलेल्या सर्व खेळाडूंचे उरण नगरीत हार्दिक स्वागत’. खाली सत्तावीस चेहरे, सगळे पुरुष, त्यातला मधला दादाचा. तेव्हा रेल्वे खारकोपरपर्यंतच धावत होती, उरणला ती पोहोचली जानेवारी २०२४ मध्ये. त्यामुळे करळला कंटेनरच्या मागे तासभर गेला आणि तिसऱ्या क्रमांकाचा सामना हुकला. नायजेरिया तीन गोलांनी पुढे, जर्मनीने ३-३ केलं, आणि शेवटी पेनल्टीवर नायजेरिया. अख्ख्या स्पर्धेतला रंगतदार सामना आणि टेम्पोतल्या मुलींनी तो ट्रेलरच्या मागच्या दिव्यांकडे बघत मोबाइलवर ऐकला.

बॅनर गेटवरच अडला. फिफाच्या स्पर्धेत मैदानावर ठरलेल्या जाहिरातींखेरीज काही लावू देत नाहीत. दादा आत आला तो खिन्न होऊन. चहूकडे नजर फिरवली. एकही नेता नाही, वाढदिवसाच्या शुभेच्छा नाहीत, कार्यसम्राट नाही, भावी कुणीच नाही. होती ती फक्त इभा नावाची शुभंकर सिंहीण. “यवढा मोठा मैदान,” तो म्हणाला, “आन चेहरा कोनाचा, तर जनावराचा.”

स्पेन विरुद्ध कोलंबिया. स्पेन गतविजेता. कोलंबियाचा कुठलाही संघ, पुरुषांचा धरूनसुद्धा, फिफाच्या फायनलला पहिल्यांदाच आलेला. दादाने कोलंबिया निवडली, कारण त्यांच्या झेंड्यात पिवळा जास्त, आणि आगरी माणसाला हळदीचा रंग सोडवत नाही. मुली लिंडा कैसेडोच्या पायांकडे बघत होत्या. सतराची पोर, पण त्याच वर्षी मोठ्यांच्या कोपा अमेरिकाची फायनल खेळून आलेली. ती चेंडू घेऊन वळली की पुतणी उभी राहायची आणि दादा तिला खाली बसवायचा, मागच्यांना दिसत नाही म्हणून. मागे कुणी नव्हतं.

८२ व्या मिनिटाला गोल झाला. स्पेनचा, पण मारला कोलंबियाच्या आना मारिया गुझमानने, चुकून आपल्याच जाळ्यात. १-० आणि खेळ खलास. दादाला हे काही केल्या पचेना. गोल मारणारी हरली कशी? सामनावीर कोण? माईक हातात असता तर त्याने तिथल्या तिथे तिला उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केलं असतं. हे तो परतीच्या वाटेवर गव्हाण फाट्यापर्यंत सांगत होता. जगज्जेत्या मुलींना नुसता चषक आणि पदकं मिळतात, रोख काही नाही, हे पुतणीने सांगितल्यावर तर त्याने फिफाचा नादच सोडला. “आपल्याकरं तिसऱ्या नंबरालाबी कूलर असतो,” म्हणाला. टेम्पो थांबवून सगळ्या मुलींना आइसक्रीम मात्र त्यानेच दिलं, आणि त्याची पावती फाडली नाही.

मग तीन वर्षं फुटबॉलचं नाव नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच डी. वाय. पाटीलवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा दादा गावभर सांगत सुटला, “मी दोन हजार बावीसलाच बोललेलो.” काय बोललेला ते कुणी विचारलं नाही.

यंदाच्या चषकात त्याने मुलींचे सामने जाहीर केले. आजवर महिलांसाठी रस्सीखेच आणि संगीत खुर्ची असायची, तीही हळदीकुंकवाच्या दिवशी. आता फुटबॉल. क्रिकेट का नाही, तर खेळपट्टी पुरुषांना दिलेली, आणि फुटबॉलला खेळपट्टी लागतच नाही, हा दादाचा हिशेब. बॅनर छापून आला: एकतीस चेहरे, एका कोपऱ्यात चेंडू.

पुतणी आता ज्युनियर कॉलेजात आहे. तिने विचारलं, “काका, गोलपोस्ट?”

“आधी मंडप उभा राहू दे. मंग बघू.”

उद्घाटनाच्या सकाळी मंडप उभा राहिला, पण एका अंगाने. मान्यवरांची बाजू खाली आलेली, अध्यक्षांची खुर्ची घसरून उपाध्यक्षांच्या मांडीपाशी. मांडववाला सांगत होता, रात्री सहा बांबू मोजून ठेवले होते. दादाने माईक घेतला. “मंडपाचे बांबू ज्यांनी कोनी नेलं असतील त्यांनी ताबरतोब स्टेजजवल आनून द्यावं, नायतर कमिटी कडक कारवाई...” एवढं बोलून त्याने शेताच्या पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. तिथे चार बांबू उभे होते, दोन आडवे, आणि मधून पुतणीच्या पायातला चेंडू सुटला होता.

“...आनि गोऽऽल!” दादा ओरडला, “गोऽऽल! बांबूंना कोनी हात लावू नका!”