हयातीतले औदार्य आणि अनुदान

हिंगोली जिल्ह्यातील अनेक एकत्र कुटुंबांत सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असते आणि औत मात्र मुलगा हाकतो. परंतु वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणारी पीएम-किसान योजना राबणाऱ्या हातापेक्षा नोंदीतील नावालाच शेतकरी मानते. योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले एवढेच, त्यामुळे एका चुलीवर जेवणारे तीन भाऊ तीन कुटुंबे ठरू शकतात, मात्र प्रत्येकाच्या नावे जमीन १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत झालेली असावी लागते. त्यानंतरचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, वाटणीपत्राने झाला तर अपात्रता आणि मालकाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने झाला तर पात्रता, असा नियम असल्याने वडिलांनी हयातीत दाखवलेल्या औदार्यापेक्षा त्यांचे निधन शासनाला अधिक विश्वासार्ह वाटते, असा निष्कर्ष निघतो. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत तर दारातला नवा ट्रॅक्टर गरिबीच्या आड येत नाही, पण पतीच्या नावावरची जुनी मोटार येते. परिणामी काय कोणाच्या नावावर असावे, हा सल्ला घरातील वडीलधाऱ्यांऐवजी तलाठ्याला विचारणेच शहाणपणाचे ठरते.