नाव उणे, पत्ते अधिक चार!

अहो, कानावर आलं का? डोंबिवलीत म्हणे दिवाळीच्या संध्याकाळी दहावी-बारावीतली पोरं घरात बसतात. स्वतःहून! खोलीचं दार लावून नव्हे, हॉलमध्ये सतरंजीवर, आईबापांच्या मांडीला मांडी लावून. आणि करतात काय, तर पत्ते कुटतात. दारात पणत्या तेवतायत, लक्ष्मीसमोर लाह्या-बत्तासे तसेच आहेत आणि इकडे डाव रंगलाय. शिव शिव!

सकाळ रीतीप्रमाणेच जाते. अभ्यंगस्नान उरकून, झब्बे आणि आईच्या पैठण्या चढवून मंडळी फडके रोडला गणेश मंदिरापाशी. ठाण्याची असतील तर तलावपाळी, नाहीतर राम मारुती रोड. त्याबद्दल आमची तक्रार नाही. फडके रोडच्या गर्दीत जुळलेलं एक लग्न माझ्याच घरात नांदतंय. पण संध्याकाळी पोरांनी मित्रांकडे गुल व्हावं आणि आपण 'हल्लीची पिढीच अशी' म्हणत फराळाचं ताट पुढे ओढावं, हा ठरलेला व्यवहार होता. तो मोडला.

मोडणाऱ्याचं नाव उनो. राजा नाही, राणी नाही, नुसते रंग आणि आकडे. हातात एकच पत्ता उरला की 'उनो' असं ओरडायचं. विसरलात की दंड. 'अधिक चार'चा पत्ता पडला की पुढच्याने चार पत्ते उचलायचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी त्याला 'उणे' म्हणतात. "नाव उणे आणि पत्ते अधिक चार, हा कुठल्या शाळेतला हिशेब?" असं विचारत त्यांनी पहिल्याच डावात नातवाला रडकुंडीला आणलं. झब्बू आणि बदाम सातवर गौरीची जागरणं काढलेली बाई ती. पत्ता लपवायला पदर आहेच. हरणाऱ्याने सुनेच्या फसलेल्या चकल्या खायच्या, ही अटही त्यांचीच.

कल्याणला माझ्या नणंदेकडे, खडकपाड्याला, तर भांडणच पेटलं. अधिक चारवर आणखी एक अधिक चार टाकून पुढच्याच्या गळ्यात आठ पत्ते मारता येतात की नाही? भाचीने मोबाइल नाचवला: 2019 साली खुद्द कंपनीनेच ट्विटरवर जाहीर केलंय, नाही येत! मेहुणे म्हणाले, "कंपनीला काय कळतंय?"

भांडण या खेळाच्या रक्तातच आहे म्हणा. 1971 साली अमेरिकेत, ओहायोमध्ये, मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचं पत्त्यांच्या नियमांवरून मुलाशी वाजलं आणि त्यातून हा खेळ निघाला. घरच्यांनी 8 हजार डॉलर गोळा करून पहिले 5 हजार संच छापून घेतले. आमच्याकडे बापलेकाच्या भांडणातून फक्त अबोला निघतो.

पण खरी बातमी पुढेच आहे. पोरं बिचारी फोन पालथा घालून बसतात. पाच-पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचे आकाशकंदील बघणारा कोण, तर बाप! एकीने म्हणे वडिलांचा फोन काढून फराळाच्या रिकाम्या डब्यात टाकला. मग गृहस्थांचं लक्ष लागलं आणि हात असा काही सराईत चालायला लागला, की बायकोच्या भुवया वर. पत्ते पिसण्याची ती सफाई, ते एका बोटाने पंखा करणं... वीस वर्षं 'कल्याण फास्टमध्ये उभं राहायलासुद्धा जागा नसते गं' म्हणणारा हा माणूस मांडीवर ब्रीफकेस आडवी टाकून रोज घाटकोपर ते डोंबिवली रमी खेळत आलाय, हे त्या रात्री उघड झालं. लेकीने त्याच क्षणी त्यांना अधिक चार दिलं.

काल लिफ्टमध्ये त्या वरच्या आजी भेटल्या. तुळशीच्या लग्नासाठी उसाची कांडी, चिंचा-आवळे घेऊन चालल्या होत्या. पिशवीत तळाशी एक लालभडक नवा कोरा डबा होता. मी बघितला, हे त्यांनी बघितलं. मजला येईपर्यंत दोघीही हवापाण्याचं बोललो.