गलकेकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक थकबाकीदार असतो आणि एक गलकेकाका असतात. आडनाव काहीही असो. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून वार्षिक सभा भरली की काका दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची धरतात. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून व्हायच्या आत उठतात आणि म्हणतात, "मुद्दा असा आहे..." मुद्दा नसतोच. कबुतरांवरून सिंकिंग फंडावर, तिथून वॉचमनच्या शिट्टीवर, मग एकदम २००५ च्या पुरावर. कुठून कुठे जातील याचा काकांनाही पत्ता नसतो.

लोक कपाळाला हात लावतात. माझं मत जरा निराळं आहे, आणि ते वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे झालं.

वहिनींच्या बेडरूममध्ये गच्चीचं पाणी झिरपायचं. दर सभेला त्या उभ्या राहायच्या, "आमच्याकडे जरा ओल..." एवढं पुटपुटायच्या आणि बसायच्या. चेअरमन म्हणायचे, "बघू." आमच्या कमिटीला मुळात दोनच अवस्था ठाऊक आहेत, 'बघू' आणि 'करू', आणि मध्ये चांगला गुडघाभर उंबरठा. वहिनींचा आवाज नेमाने यायचा, पण त्या उंबरठ्याच्या खालूनच. शांत, सभ्य सभांमध्ये त्या जन्मभर बोलल्या असत्या तरी भिंत ओलीच राहिली असती.

एका सभेला काका पार्किंगवरून उखडले. चेअरमन घामाघूम, खजिनदार हवालदिल, कमिटी नुसती हेलकावतेय. तेवढ्यात वहिनी नेहमीप्रमाणे पुटपुटल्या, "आमच्याकडे जरा..." "करू!" चेअरमन ओरडले. "लिहा हो, गच्ची करू!" काकांना गच्चीचं सोयरसुतक नव्हतं. वहिनी बोलल्या हेही त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

शास्त्रात याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात. १९८१ मध्ये बेंझी, सुतेरा आणि वुल्पियानी हे तिघे इटालियन हिमयुगांचं कोडं सोडवत होते. पृथ्वीची कक्षा साधारण लाख वर्षांच्या फेऱ्याने जराशी लांबट होते नि पुन्हा गोल होते, पण त्यामुळे वर्षाच्या एकूण उन्हात पडणारा फरक टक्क्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. तेवढ्यावर अख्खी पृथ्वी गारठते कशी? त्यांनी सुचवलं की हवामानालाही दोनच बैठका आहेत, एक थंड आणि एक उबदार. रोजच्या हवापाण्याची धांदल त्या दुबळ्या इशाऱ्याला मधला उंबरठा ओलांडायला मदत करते. हिमयुगांपुरतं हे उत्तर सगळ्यांना पटलेलं नाही, पण कल्पना मात्र टिकली. जेवढं घालाल तेवढंच बाहेर काढणाऱ्या सरळ यंत्रात गोंगाट फक्त घाण करतो. कमिटी सरळ नसते.

अर्थात नुसत्या गोंगाटानेही उंबरठा ओलांडला जातोच, पण भलत्या वेळी. वहिनी गावी गेल्या होत्या त्या वर्षी काकांच्या आरडाओरड्यात कमिटी 'करू' म्हणाली आणि लिफ्टमध्ये आरसा बसला. कुणीही मागितलेला नव्हता.

पुढे हे ज्ञान काकांपर्यंत पोचलं. अमेरिकेत पॅडलफिश नावाचा लांब नाकाचा मासा आहे, हे त्यांना फार आवडलं. पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगची किंचितशी वीज त्या नाकाला कळते. १९९९ मध्ये प्रयोग झाला. पाण्यात विजेचा थोडा गोंधळ सोडला, तर मासा लांबलांबचे किडे टिपू लागला. २००३ च्या एका प्रयोगातले, बुटात घालतात तसले थरथरणारे इनसोलही त्यांना आवडले. तळव्याला कळणारही नाही इतकी थरथर त्यात सोडली, तर म्हातारी माणसं उभ्या उभ्या कमी डोलतात. "म्हणजे आमची दखल विज्ञानानेसुद्धा घेतली!" काका म्हणाले. गोंधळ प्रमाणाबाहेर वाढवला तेव्हा माशाचा फायदा संपला, हा अर्धा भाग ऐकायला ते थांबले नाहीत.

पुढच्या सभेला ते गणपतीतला स्पीकर घेऊन आले. त्या वर्षी वहिनींची तक्रार ड्रेनेजच्या पाइपाची होती म्हणे. म्हणे, कारण कुणालाच ती ऐकू आली नाही. चेअरमन 'करू' म्हणाले, मग 'बघू', मग 'करू', मग पुन्हा 'बघू', आणि कशाला काय म्हणाले ते त्यांनाही सांगता येईना. सेक्रेटरीने इतिवृत्तात लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली.'

हल्ली सभेच्या आदल्या संध्याकाळी चेअरमन स्वतः काकांकडे चहाला जातात. निघताना दारात चपला घालता घालता, अगदी सहज बोलल्यासारखं सांगतात, "काका, उद्या पार्किंगपर्यंतच हं. कबुतरं पुढच्या वर्षी घेऊ."