शनिवारपर्यंत पलटण

शुक्रवारी रात्री अकरा वाजता पन्नाशीतला सभ्य इंग्लिश गृहस्थ गॅरेजमध्ये हेअर ड्रायर घेऊन काय करत असतो, हे मला नॉटिंगहॅमला राहायला आल्यावर कळलं. पलटण वाळवत असतो. सकाळी दहाला लढाई, आणि अठ्ठेचाळीस शिपाई संध्याकाळपर्यंत निव्वळ करडं प्लॅस्टिक.

हे शहर म्हणजे या नादाची पंढरी. 'वॉरहॅमर' हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथलंच. टेबलावर टेकड्या मांडायच्या, 28 मिलिमीटरचे शिपाई रंगवून उभे करायचे, टेपनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे. पोरखेळ म्हणायची सोय नाही. खुद्द एच. जी. वेल्सनं 1913 साली या खेळाचं पुस्तक लिहून ठेवलंय.

आमचा शेजारी 'झटपट' पंथाचा. तीन फुटांवरून जे दिसत नाही ते रंगवायचं नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. म्हणून त्याच्या शिपायांना डोळे नसतात. (त्यांच्या पराभवांची संख्या पाहता ते पटतंही.) आइस्क्रीमच्या काड्यांवर पाच-पाच शिपाई चिकटवून तो पंगतीत वाढावं तसा रंग वाढत जातो. आधी सगळ्यांना विजारी, मग सगळ्यांना पिशव्या, मग बंदुका. मध्येच कुणी अर्धवट राहिला तर राहिला. पंगत थांबत नाही. पूर्वी तो शिपाई पकडीत धरून गडद वॉर्निशमध्ये बुडवायचा आणि जोरात झटकायचा. खाचांमध्ये वॉर्निश साचून आपोआप सावल्या पडत. गॅरेजच्या भिंतीवरही पडत. 2019 मध्ये कॉन्ट्रास्ट नावाचे पातळ रंग आले. एकाच हातात रंग आणि सावली दोन्ही. भिंत वाचली. चहा मात्र वाचला नाही. ब्रश बुडवायचा मग आणि प्यायचा मग यांत त्याची आठवड्यातून एकदा तरी गल्लत होते.

त्याच्या नेपोलियनच्या फौजेत झाडून सगळे ओव्हरकोटात. उघडा गणवेश म्हटला की कॉलर, पट्ट्या, बटणं, सगळंच आलं. ओव्हरकोट म्हणजे एक फटकारा. वॉटर्लूची लढाई ऐन जूनमधली, असं कुणी हटकलंच तर तो शांतपणे सांगतो, "आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता." आणि झाला होता, हे खरंच आहे! आळसाच्या मदतीला इतिहास असा धावून येताना मी दुसरीकडे पाहिला नाही.

एवढी घाई कशासाठी, तर माळ्यावरचा ढीग संपवण्यासाठी. न रंगवलेल्या डब्यांना ही मंडळी 'लाजेचा ढीग' म्हणतात. एक पलटण पुरी झाली की तो स्वतःला बक्षीस देतो. बक्षीस म्हणजे दोन नवे डबे. हा हिशेब त्याच्या बायकोला कळतो, त्याला नाही.

त्याचा हाडवैरी म्हणजे 'बटणमोज्या'. हा माणूस वर्षाला बारा शिपाई रंगवतो आणि इतरांच्या शिपायांची बटणं मोजतो.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यानं असईची लढाई काढली. 23 सप्टेंबर 1803, आपल्या जालना जिल्ह्यातली. शिंदे-भोसल्यांना हरवून वेलस्ली मोठा झाला ती. शुक्रवारी रात्री दारावर थाप. "तू तिकडचाच ना? शिंद्यांच्या पलटणीच्या कोटांचा रंग कोणता?"

मला काय ठाऊक! पण झोप आली होती. म्हटलं, "धुळीचा. तिकडे सगळंच धुळीचं असतं."

त्याचा चेहरा असा उजळला की मलाच वाईट वाटलं. एकच बाटली, एकच ब्रश!

शनिवारी शिंद्यांची अख्खी फौज मातकट रंगात उभी. बटणमोज्या वाकला, भिंग काढलं, आणि याला आधार काय, म्हणून विचारलं. शेजाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं.

मी पुण्याचा. ठामपणे मान हलवली.