टॉप मॉडेलवाले सर

नांदेड-लातूरकडं 'सर' व्हायला शाळेत नोकरी लागत नाही. शिकवणीवाले सर असतात, बँकेतले सर असतात, विमा काढणारे सर असतात आणि प्लॉट पाडून विकणारे तर थोरले सर. यातले एखादे सर दसरा किंवा पाडवा गाठून, नाहीतर सोयाबीनची पट्टी हातात आली की, गाडी घेतात आणि त्या दिवसापासून त्यांना नवी पदवी लागते. टॉप मॉडेलवाले. मधलं मॉडेल घेणारा माणूस आपल्या भागात अजून सापडायचाय. घेतलेलं असतं बऱ्याच जणांनी, पण कबूल कुणी होत नाही.

आपल्या सरांचं घर नांदेडला, तरोडा नाक्याकडं. लेक लातूरला, नीटच्या तयारीला. नांदेडात गल्लोगल्ली शिकवण्या असताना लेकरू लातूरला कामून, असं विचारायचं नाही. लातूरचेही कुणी सर आपलं पोरगं नांदेडला ठेवतात आणि हिशेब बरोबर होतो. तर दर रविवारी डबा घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, यासाठी ही गाडी. निदान घरात तसं सांगितलंय.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूमच्या पोरानं सगळं नीट समजावून सांगितलेलं असतं. कुठलं बटण कशाचं, कुठला दिवा कशासाठी, चावीची बॅटरी संपली तर आतली लोखंडी चावी कशी काढायची. पण सर तेव्हा फोटोत असतात. पुठ्ठ्याची हातभर चावी, गळ्यात हार, शेजारी मॅडम, चाकाखाली लिंबं. पोरगं बोलत राहतं, सर "हाव, हाव" म्हणत राहतात आणि नजर कॅमेऱ्याकडं. मग गाडी आधी तुळजापूरला, तिथून माळेगावच्या खंडोबाला, जमलं तर माहूरला. देव सगळे कळतात, डॅशबोर्ड कळत नाही.

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. ते समोरच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, गाडीच्या कागदांखाली झोपतं. आयुष्यभर पोरांना "आधी पुस्तक वाचा, मग शंका विचारा" सांगणारे सर स्वतः मात्र थेट शंकेवर येतात. शंका जाते व्हॉट्सॲपवर. तीही एका ग्रुपवर नाही. दहावीच्या बॅचवर, सासुरवाडीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आणि चुकून तेराव्याचं ठिकाण कळवायला काढलेल्या ग्रुपवर.

पहिली शंका लोहा ओलांडल्यावर आली. "गाडीत टुंग टुंग वाजायलंय. बेल्ट लावलेलाय, दारं लागलेलीत. काय असंल?" दहा मिनिटांत चौदा निदानं. एकानं बॅटरी सांगितली, एकानं उंदीर. एक म्हणाला, जुनी जीपच बरी होती. भाचा हिंजवडीहून इतकंच लिहितो, "मामा, मॅन्युअल वाचा." भाच्याचं असंच असतं, बरोबर बोलतो आणि कुणालाच आवडत नाही.

खरं कारण साधं होतं. १ जुलै २०१९ पासून देशात बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत वेगाची घंटी सक्तीची आहे. ताशी ८० किलोमीटरच्या वर गेलं की ती थांबून थांबून वाजते, १२० च्या वर गेलं की थांबतच नाही. सरांची आधीची गाडी त्याच्या अगोदरची, आणि तेव्हाच्या लातूर रोडवर ८० चा काटा बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट. आता ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जिथं रुंद झालाय तिथं पाय आपोआप खाली जातो. सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "गाडीचा दोष नाही. गाडी जरा जास्तच पळायलीय." त्याला बेचाळीस अंगठे आले.

इथं सरांचं मर्म सापडतं. पेढे वाटून संपले की सर शंका वाटायला लागतात. पेढा एकदाच देता येतो. दुसऱ्यांदा दिला तर लोक विचारतात, आता काय? शंका मात्र रोज देता येते आणि प्रत्येक शंकेत गाडीचा एक भाग दाखवता येतो. "व्हेंटिलेटेड सीट" असं नुसतं लिहिलं तर ती बढाई. "सीटमधून बुडाखाली गार हवा यायलीय, एसी लीक तर नसंल?" असं लिहिलं की ती काळजी. लोक काळजीला उत्तर देतात आणि उत्तर देता देता विचारतात, "अभिनंदन सर, टॉप मॉडेल का?" पुस्तक हे विचारत नाही. म्हणून पुस्तक पिशवीत राहतं.

एका थंड सकाळी सरांनी डॅशबोर्डचा हललेला फोटो टाकला. खाली प्रश्न, "कढईत उद्गारचिन्ह का दिसायलंय?" पुन्हा निदानं. तेल संपलं, इंजिन गेलं, अमावस्येला गाडी घेतली होती का? ती कढई म्हणजे टायर, आणि उद्गारचिन्ह म्हणजे हवा कमी. डिसेंबरात नांदेडला पहाटे गारठा पडला की टायरमधली हवा आक्रसते, दाब खाली येतो आणि दिवा लागतो. पेट्रोल पंपावर हवा भरली की प्रश्न मिटला. पण पंपावर हवा भरणारं पोरगं "टॉप का?" विचारत नाही.

पण सरांची खरी कीर्ती झाली ती मागच्या दारामुळं.

अहमदपूरकडं लग्न होतं. आई मागच्या सीटवर, डाव्या बाजूला. मांडवाशी गाडी थांबली, सगळे उतरले, आईचं दार काही उघडेना. आतून खटका ओढला की नुसता ओढला जातो. आईनं दोनदा ओढला आणि शांतपणे म्हणाली, "नव्या गाडीत म्हाताऱ्यांना उतरू देत न्हाईत का रे?" सर खाली उतरले, वळसा घालून आले, बाहेरून दार उघडलं आणि आईला हाताला धरून उतरवलं. मग मांडवाच्या कोपऱ्यात उभं राहून सगळ्या ग्रुपांवर, "मागचं डावं दार आतून उघडना. अर्जंट." पुन्हा पाऊस. सेंट्रल लॉकचा फ्यूज गेला. सॉफ्टवेअर अपडेट मारा. दाराला खोबरेल तेल सोडा. लातूरच्या एकानं लिहिलं, २६ पासिंगच्या गाड्यांना हे होतंच. त्यावर नांदेडचा एक चवताळला आणि विषय दारावरून सरळ विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, इथं गेला. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला दोन-दोन मुख्यमंत्री दिले, पण एक दार उघडायला माणूस मिळेना.

शेवटी उत्तर आलं गॅरेजवाल्याचं. तो ग्रुपवर कधी लिहीत नाही, आवाज टाकतो. मागून हातोड्याचा ठणठणाट, पुढं नांदेडची दखनी. "सर, कुछ नै हुआ गाडी कू. पिच्छे का दरवाजा खोलो, बाजू की पट्टी में छोटा खटका है, नीच्चे करो. बच्चों का लॉक है वो." बारा सेकंद. गाडी धुणाऱ्या पोराच्या बोटानं तो खटका वर गेलेला असावा. लहान लेकरानं चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून दिलेली ही सोय चारचाकीत कधीचीच आहे. सरांच्या आधीच्या गाडीतही होती, फक्त तिथं ती कुणाच्या बोटाला लागली नव्हती.

आता खटका खाली करायचा की नाही? तुम्ही म्हणाल, करायचाच. पण तोपर्यंत मांडवात वेगळंच झालं होतं. "एवढा मोठा माणूस, पण आईचं दार स्वतः उतरून उघडतो" ही बातमी जेवणाच्या पंगतीत फिरली. दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या लेकांना सुनावलं. एका काकांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर सरांनी तो खटका जिथं होता तिथंच ठेवला. आजही आई मागं बसते, सर उतरतात, वळसा घालतात, दार उघडतात आणि आजूबाजूला बघतात. आई फक्त एवढंच म्हणते, "लवकर ये, गुडघे अकडायलेत."

गाडीतली बाई हा पुढचा अध्याय. ही बाई बोललेलं ऐकते आणि काच, एसी, छप्पर उघडते. सरांचा स्वभाव आदबशीर, म्हणून ते तिला "ताई, जरा काच खाली घ्या की" म्हणतात. ताईला मराठी येत नाही. सर हिंदीवर येतात, पण ती हिंदी वजिराबादची. ताईला ती परदेशी वाटते. मॅडम बटण दाबून काच खाली घेतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. वरची काच, म्हणजे सनरूफ, सरांनी मे महिन्यात एकदा उघडली. पारा ४२ च्या वर असताना डोक्यावर आभाळ कशाला पाहिजे, हा प्रश्न मात्र त्यांनी कुठल्याच ग्रुपवर विचारला नाही. त्याच छतासाठी वरचे पैसे मोजलेत.

मग स्टेअरिंग. चाकूरच्या पुढं एकदा चाक हातात थरथरलं आणि गाडीनं स्वतःहून डावीकडं हलकी ओढ घेतली. मॅडमनी लगेच खंडोबाचं नाव घेतलं. पुढच्या काचेवरचा कॅमेरा रस्त्याचे पांढरे पट्टे बघत असतो; इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की गाडी समजते, डुलकी लागली, आणि चाक हलवून जागं करते. उपाय एकच, वळताना इंडिकेटर द्यायचा. सरांचं उत्तर, "समोर उसाची ट्रॉली, मागं कुणी नाही. इंडिकेटर कुणाला दाखवू?" यावर गाडी काही बोलली नाही. रात्री बिनदिव्याची, दोन ट्रॉल्या जोडलेली उसाची गाडी ज्यानं समोर पाहिलीय तोही फार बोलणार नाही. शिवाय आपल्याकडं पट्टे कुठं पुसलेले, कुठं त्यांच्यावर तूर वाळत घातलेली. कॅमेऱ्यानं तरी काय बघावं?

सरांना हसणं सोपं आहे, पण मला त्यांचं एक म्हणणं पटतं. पूर्वी अँबेसिडर, मारुती ८०० किंवा कमांडर जीप रस्त्यात थांबली की बॉनेट उघडायचं. दोन मिनिटांत पाच डोकी आत. एकाला कार्ब्युरेटर कळायचा, एकाला फॅन बेल्ट, बाकीच्यांना काहीच नाही, पण सगळे वाकायचे. आता बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण, त्यावर कंपनीचं नाव. डोकं घालायला जागाच नाही. तीच पाच डोकी मग फोनमध्ये येतात. चौदा निदानांतली तेरा चुकीची असतात, हे खरं. बॉनेटभोवतीही तेराच चुकीची असायची.

शेवटची मोठी शंका डिझेलच्या फिल्टरची. सर आठवडाभर घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, फार तर श्रीनगरला भाजी. मध्यंतरी लेक सुट्टीला घरी आली, लातूरची रविवारची फेरी बंद झाली आणि एक पिवळा दिवा लागला. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात काही वेळ चालवावी लागते. गावातल्या गावात फिरलं की फिल्टर तुंबतो. गॅरेजवाल्याचा आवाज आला, "लातूर जा के आव सर, बुझ जाता." सरांना ते लागलं. त्यांनी विचारलं, "हिंगोलीला गेलं तर नाही का चालत?" चालतं. काजळीला जिल्हा कळत नाही. पण ग्रुपवरच्या लातूरकरांनी त्यानंतर महिनाभर "नांदेडची गाडी लातूरला आल्याशिवाय साफ होत नाही" हेच लावून धरलं.

त्या सुट्टीतच लेकीनं पुस्तकाची पिशवी फाडली. होस्टेलवर स्मार्टफोन बंदी, त्यामुळं हाताला लागेल ते वाचायची सवय. जीवशास्त्राचा कंटाळा आला की पोरगी गाडीत बसून हेच वाचायची. गार सीटचं बटण तिनं सांगितलं, टायरचा दाब किती पाहिजे ते दाराच्या चौकटीवर चिकटवलंय हेही तिनंच दाखवलं. सर आधी रागावले, नव्या पुस्तकाची पिशवी फाडली म्हणून. आणि आता शेजारच्या सरांनी गाडी घेतलीय, तेव्हा त्यांच्या शंकांना आमचे सर ग्रुपवर उत्तरं देतात. कढईतलं उद्गारचिन्ह दिसलं की लिहितात, "घाबरू नका, लातूरला जाऊन या."

तुमच्या घरी असे सर असतील तर त्यांना पुस्तक वाचायला सांगू नका, उगाच वाद होईल. तुम्हीच गुपचूप वाचून ठेवा. सगळं नको, जॅक कुठं असतो आणि स्टेपनी कशी निघते तेवढी दोन पानं पुरेत. माहूर-किनवटच्या जंगलात टायर बसला तर ग्रुपवर विचारायला रेंज मिळेलच असं नाही.